नवा सोऱ्या, जुनी भाजणी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की महाराष्ट्रातल्या घराघरांतून एक मोहीम निघते. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, ट्रंका उघडल्या जातात आणि ‘हे ठेवायचे की टाकायचे?’ या एका प्रश्नावरून घरात दोन तट पडतात. आजोबांच्या मते एकही जुनी पावती टाकण्यासारखी नसते. सूनबाईंच्या मते त्या पावत्यांपायी घरात माणसांना बसायला जागा उरलेली नसते. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच हा वाद दरवर्षी नव्याने रंगतो.

२०२५ साली असाच माळा आवरायला खुद्द सरकारने घेतला. त्या वर्षीच्या जानेवारीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्व सरकारी कार्यालयांना शंभर दिवसांचा एक कार्यक्रम आखून दिला. त्यात सात कलमे होती. कार्यालयांची झाडलोट हेही त्यांतलेच एक कलम. पण यादीत पहिला मान होता तो संकेतस्थळांचा, म्हणजे संगणकावर आणि मोबाईलवर दिसणाऱ्या सरकारी दप्तरांचा. शंभर दिवस सरल्यावर दीडशे दिवसांचा दुसरा कार्यक्रम आला, आणि त्यात तर ई-प्रशासनावरच भर होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दिल्लीनेही केंद्राच्या साऱ्या संकेतस्थळांना एकच रंगरूप देण्यासाठी एक नियमपुस्तिका काढली. वेगवेगळ्या खात्यांची विखुरलेली पाने गोळा करावीत, ती एका नव्या यंत्रणेवर चढवावीत, आणि नागरिकाला सरकारचा चेहरा एकच दिसावा, असा हा सारा खटाटोप.

आता वाचक म्हणतील, दिवाळी अंकात हा रुक्ष विषय कशाला? विषय रुक्ष खरा. पण जन्माच्या दाखल्यापासून वारसाच्या नोंदीपर्यंत आपले अर्धे आयुष्य या दप्तरांत गुंतलेले आहे. ते आवरताना काय ठेवले गेले आणि काय टाकले गेले, यावर एखाद्या कुटुंबाचे घर राहील की जाईल हेही ठरू शकते. तेव्हा फराळाचे ताट पुढे घेऊन का होईना, हा विषय एकदा समजून घेण्याजोगा आहे.

चकलीचे शास्त्र

या नव्या यंत्रणेला सरकारी मराठीत ‘आशय व्यवस्थापन प्रणाली’ असे भारदस्त नाव आहे. नावाला बिचकण्याचे कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरात तिचा एक फार जुना भाऊबंद आहे: सोऱ्या. सोऱ्यात पीठ भरायचे, खाली हवी ती चकती बसवायची आणि दाब द्यायचा. चकती चांदणीची असली तर चकली पडते, बारीक भोकांची असली तर शेव. पीठ वेगळे, आकार वेगळा. आकार बदलायचा म्हणून कोणी दर वेळी नवा सोऱ्या घडवत नाही.

पूर्वीची संकेतस्थळे अशी नव्हती. तिथे मजकूर आणि मांडणी एकाच लगद्यात कालवलेली असे. एका खात्याच्या सचिवाचे नाव बदलले तरी ते पान घडवणाऱ्या कारागिराला बोलवावे लागे. कारागीर ठेकेदाराचा, ठेका संपला की कारागीरही गेला. म्हणून तर बदलून गेलेले अधिकारी संकेतस्थळावर वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत बसलेले दिसत. नव्या पद्धतीत मजकूर एका कोठारात राहतो, साचा दुसरीकडे राहतो, आणि ज्याच्या हाती किल्ली दिली आहे असा कोणताही कारकून मजकूर बदलू शकतो. साऱ्या पानांचे रूप मात्र एकसारखेच राहते.

केंद्राच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने असा एक मोठा सोऱ्या बनवला आहे. सुरक्षित, वाढवता येण्याजोगा आणि सुगम्य, ही तीन बिरुदे त्याने आपल्या नावातच मिरवली आहेत. आपल्या पुणे जिल्ह्याचे संकेतस्थळ त्याच साच्यातून निघालेले आहे, आणि देशातल्या इतर अनेक जिल्ह्यांचीही. म्हणून एका जिल्ह्याचे पान पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्याचे पान अनोळखी वाटत नाही. ही सोय लहान नव्हे.

पण चकली करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला विचारा. चकली बिघडली तर ती सोऱ्याला बोल लावत नाही. ती म्हणते, भाजणी चुकली. सरकारी संकेतस्थळांची गोष्ट नेमकी येथेच येऊन ठेपते. सोऱ्या नवा आला; भाजणीचे काय?

एका गावाची आठ दारे

ही भाजणी कशी बिघडते हे पाहायचे तर पुण्याहून फार लांब जावयास नको. मुळशी आणि पूर्वीच्या वेल्हे तालुक्यांच्या डोंगरांत, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा वसले आहे. पावसाळ्यात तिथे सहलीला गेलेली कुटुंबे पुण्यामुंबईत पुष्कळ सापडतील. दासवे गावाच्या जागी इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर उभी केलेली ती रंगीत घरांची ओळ सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्या रंगीत भिंतींमागे जो कागदांचा इतिहास आहे, तो रंगांहून बोलका आहे.

१९९६ साली राज्य सरकारने नवी गिरिस्थाने वसवण्याचे नियम केले. २००१ साली या भागातली अठरा गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. २००८ साली सरकारने लवासा कंपनीलाच ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ नेमले. याचा साधा अर्थ असा, की बांधकाम करणारीही कंपनी आणि बांधकामाला परवानगी देणारीही कंपनीच. कंपनीने अमेरिकेतल्या नगरपालिकांचा अनुभव असलेला एक नगर-व्यवस्थापक आणला, संगणकाच्या जाळ्यावर सगळा कारभार चालेल अशी ग्वाही दिली. घर घेणाऱ्याला एकच दार होते. नकाशा, रस्ता, पाणी, तक्रार, सगळे काही त्या एका दारी.

पुढचा भाग वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला आहे. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले. वर्षभराने, २०११च्या नोव्हेंबरात, पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी दिली. २०१७ साली कंपनीचे प्राधिकरणपद गेले आणि तो अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आला. २०१८च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ साली ती उभी करण्याची एक योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली. पण ती योजना तडीस गेली नाही.

आता अशी कल्पना करा, की सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त जोडप्याने भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग घालून तिथे दोन खोल्या घेतल्या आहेत. आपल्या घराची आज कागदोपत्री स्थिती काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे. कोठे जातील ते? बांधकामाची परवानगी पाहायची तर महानगर प्राधिकरणाचे संकेतस्थळ. खरेदीखताची नोंद पाहायची तर नोंदणी व मुद्रांक विभागाचे. जमिनीचा सातबारा पाहायचा तर महाभूलेख. प्रकल्पाची नोंदणी तपासायची तर महारेरा. पर्यावरणाच्या अटी वाचायच्या तर दिल्लीचे ‘परिवेश’. ग्रामपंचायतीचा विषय निघाला तर जिल्हा परिषद. महसुली तक्रार असेल तर जिल्ह्याचे संकेतस्थळ आणि पौडची कचेरी. आणि कंपनीवरील दाव्याचे पुढे काय झाले हे पाहायचे तर कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे. मोजा, आठ दारे झाली. प्रत्येक दाराची कडी वेगळी, शब्द वेगळे, आणि आत शिरल्यावर मांडणीही वेगळी.

ही नुसती गैरसोय आहे असे मानू नये. कंपनी दिवाळखोरीत गेली की धनकोंनी आपले दावे अमुक मुदतीत दाखल करावेत अशी जाहीर सूचना निघते. ती वर्तमानपत्रांत येते आणि दिवाळखोरी मंडळाने नेमलेल्या संकेतस्थळावरही टाकली जाते. २०१८च्या दुरुस्तीने घर घेणारेही आर्थिक धनकोंत मोजले जाऊ लागले. म्हणजे त्या जोडप्याला कायद्याने हक्क दिला खरा. परंतु तो बजावण्याची तारीख आठांपैकीही नसलेल्या एका नवव्या दारावर चिकटवलेली! ज्याला ते दार ठाऊक नाही, त्याचा हक्क कागदावरच राहावयाचा.

लवासाने आपल्याला एकाच जागी दोन्ही टोके दाखवली आहेत. आधी एकच दार होते. सोय मोठी, पण ते दार खाजगी मालकाचे. मालकाचे दिवस फिरले तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी वाली उरला नाही. मग अनेक दारे झाली; सगळी सार्वजनिक, सगळी कायदेशीर, पण एकालाही दुसऱ्याची खबर नाही. तेव्हा प्रश्न एक दार की आठ दारे इतका सोपा नाही. दारामागे उत्तर देणारा कोण, हा खरा प्रश्न आहे.

ही दारे वाढली कशी?

सरकारी संकेतस्थळांची ही गर्दी कोणी मुद्दाम केली नाही. ती आपल्या पेठांतल्या वाड्यांसारखी वाढत गेली. आधी एक चौक, मग भावाभावांत वाटणी, मग भाडेकऱ्यांसाठी मागल्या अंगाला चार खोल्या, आणि शेवटी कोणाचा जिना कोणत्या खोलीत उतरतो ते मालकालाही सांगता येत नाही.

२००५च्या माहिती अधिकार कायद्याने या वाढीला एक चांगले कारणही दिले. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने कोणी मागण्याची वाट न पाहता सतरा प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते: कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक वगैरे. कायदा उत्तमच. पण प्रत्येक कार्यालयाने आपापले सतरा मुद्दे आपापल्या जागी टाकले. पुढे प्रत्येक योजनेबरोबर एक संकेतस्थळ आले. योजना संपली, संकेतस्थळ मात्र वाऱ्यावर सुटलेल्या पतंगासारखे तरंगत राहिले.

त्यात मराठीची स्वतंत्र अडचण. आज आपण मोबाईलवर सहज मराठी लिहितो, कारण प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरवून देणारी युनिकोड ही पद्धत आता सर्वत्र रुजली आहे. तिच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी ती सरकारी टेबलापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षे गेली. मधल्या काळात पुण्याच्याच सी-डॅक संस्थेने आणि काही खाजगी कंपन्यांनी आपापले मराठी टंक बनवले. त्यांनी मराठी संगणकावर आणली, हे त्यांचे उपकार. पण त्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. असा जुना मजकूर नव्या यंत्रणेवर चढवायचा म्हणजे आधी त्याचे अक्षरन् अक्षर रूपांतर करून घ्यावे लागते, आणि र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, रफार हे पुन्हा मानवी डोळ्यांनी तपासावे लागतात. कित्येक आदेश तर कागदाची छायाचित्रे म्हणूनच पडून आहेत. छायाचित्रातला शब्द शोधयंत्राला सापडत नाही, आणि मजकूर वाचून दाखवणारी यंत्रे वापरणाऱ्या अंध माणसाच्या लेखी तर ते पान कोरेच असते. सरकारी संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठी केंद्राने २००९ सालीच मार्गदर्शक नियम केले आहेत. नियम आहेत, पीठ चाळायचे काम मात्र राहिले आहे.

रुमालांतले राज्य

दप्तरे एकत्र करण्याचे काम पुण्याला नवे नाही. पेशवे दप्तर पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि शनिवारवाड्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्याबरोबर हिशेब, वतने, इनामे, पत्रव्यवहार यांचे डोंगरही त्यांच्या हाती आले. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी लिपीतले असे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ती इमारत १८९१ सालची.

इंग्रजांनी हे रुमाल सांभाळले ते इतिहासावरील प्रेमाने नव्हे. इनामे खरी की खोटी हे त्यांना तपासायचे होते. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले, आणि दख्खनच्या कित्येक घराण्यांचे भवितव्य एखाद्या रुमालातल्या एखाद्या नोंदीवर येऊन ठेपले. कागद सापडला त्याचे इनाम राहिले. न सापडला त्याचे गेले. कागद होता, पण कोठे होता हे कोणाला ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटका होत नव्हती.

पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापून काढले. ते ग्रंथ चाळताना एक गोष्ट लक्षात येते. रियासतकारांनी सगळे कागद छापले नाहीत. ते शक्यही नव्हते. त्यांनी विषय ठरवले, विषयवार कागद निवडले, आणि जे निवडले नाहीत ते रुमाल होते तसे जागेवर ठेवले. वाचणाऱ्यासाठी निवड आणि पुढे शोधणाऱ्यासाठी जतन अशी दोन कामे त्यांनी वेगळी ठेवली. आजच्या संगणकतज्ज्ञांनीही हाच धडा गिरवायला हवा.

विलायतेने काय केले?

इंग्रजांच्या मायदेशी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. २०१० साली मार्था लेन फॉक्स या उद्योजक बाईंनी सरकारला अहवाल दिला, की संकेतस्थळांची ठिगळे लावत बसू नका, सगळा कारभारच नव्याने मांडा. २०१२च्या १७ ऑक्टोबरला ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. आधी नागरिकांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी असलेली दोन मोठी संकेतस्थळे त्याच दिवशी त्यात विलीन झाली. पाठोपाठ मंत्रालये आली, आणि २०१४ अखेर तीनशेहून अधिक सरकारी संस्था एका छपराखाली आल्या.

त्यांनी हे साधले कसे? पाने उचलून नव्या जागी ठेवली असती तर काम लवकर आटोपले असते. त्यांनी प्रत्येक पानाला एक प्रश्न विचारला: हे पान कोणाला, कशासाठी लागते? कोणत्याही नागरिकाला न लागणारी पाने त्यांनी नव्या घरात घेतलीच नाहीत. गरजेपासून आरंभ करा, आणि ती गरज सरकारची नव्हे तर नागरिकाची, हे त्यांच्या नियमावलीतले पहिले सूत्र होते. आणि जी पाने वगळली ती फेकली नाहीत. त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती जशीच्या तशी जतन केली. जुना पत्ता टाकणारा माणूस नव्या पानावर किंवा अभिलेखागारातल्या प्रतीवर पोचावा अशी तजवीजही त्यांनी केली.

अमेरिकेचे उदाहरण दुसऱ्या अंगाने बोधप्रद आहे. व्हाइट हाउसचे संकेतस्थळ २००९ साली ‘ड्रुपल’ या यंत्रणेवर गेले आणि २०१७ साली ‘वर्डप्रेस’वर. आठ वर्षांत सोऱ्या बदलला! यंत्रणा येतात आणि जातात. पण ओबामांच्या कारकिर्दीतली पाने त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने वेगळी काढून ठेवली, आणि ती आजही वाचता येतात. तात्पर्य, कोणता सोऱ्या घेतला याची फुशारकी मारण्यात अर्थ नाही. तो उद्या बदलणारच आहे.

शेवटच्या परिच्छेदाची गोष्ट

आपल्याकडे हे जतनाचे काम किती नाजूक आहे हे एका साध्या गोष्टीवरून दिसेल. महाराष्ट्र शासनाचा कोणताही अलीकडचा शासननिर्णय घ्या आणि त्याचा शेवटचा परिच्छेद वाचा. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे, त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे, असे तिथे लिहिलेले असते. म्हणजे आदेशानेच सांगितले आहे, की खरी प्रत पाहायची तर तिथे जा. आता नवी यंत्रणा आली आणि त्या भरात जुना पत्ता मोडला, तर आदेश कायम राहील; फक्त तो खरा आहे हे दाखवणारे बोट हवेत राहील. निवृत्तिवेतनाचा तंटा असो की शिक्षकाच्या मान्यतेचा, अशा आदेशाची प्रत लागते तेव्हा ती ‘पान सापडले नाही’ या दोन ओळींवर भागत नाही.

२०१२च्या २१ जूनला मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. कागदाचे एकच घर असले की काय होते हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले, आणि फायली संगणकावर आणण्याची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही. पण आग दिसते तरी. जुने संकेतस्थळ बंद होते तेव्हा धूर निघत नाही, बंब येत नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही येत नाहीत.

सातबारा की अधिकार अभिलेख?

मराठीचा शिक्षक म्हणून भाजणीतला आणखी एक खडा दाखवल्यावाचून राहवत नाही. तो शब्दांचा. नागरिक शोधतो ‘सातबारा’. कार्यालय म्हणते ‘अधिकार अभिलेख’. नागरिक म्हणतो ‘वारसाची नोंद’; कार्यालय म्हणते ‘फेरफार’. नागरिकाची ‘घरपट्टी’ पलीकडे ‘मालमत्ता कर आकारणी’ होऊन बसते. शब्द जुळले नाहीत तर शोधयंत्र काय करील? ते प्रामाणिकपणे सांगते, काही सापडले नाही.

राज्यकारभारासाठी शब्द घडवण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच १९६० साली सरकारने भाषा संचालनालय स्थापले, आणि १९६२ साली पदनाम कोश निघाला. अधिकाऱ्यांनी एकमेकांशी नेमके बोलावे म्हणून हे कोश झाले, आणि ते हवेतच. परंतु आता त्याच शब्दांशी रोज शेतकरी, गृहिणी आणि निवृत्त कारकून यांची गाठ पडते आहे. म्हणून प्रत्येक पानावर कायद्याच्या शब्दाशेजारी लोकांचा शब्दही हवा. ‘सातबारा’ या शब्दात कमीपणा काय आहे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन सरकारी नमुन्यांनाच लोकांनी एकत्र बांधले आहे. दोन दप्तरांचे विलीनीकरण शेतकऱ्याने संगणकाच्या कितीतरी आधी जिभेवर करून दाखवले!

आतले आणि बाहेरचे

आणखी एक भाग आपल्याला बाहेरून दिसत नाही. प्रत्येक मोठ्या कार्यालयात कर्मचाऱ्यांपुरते एक अंतर्गत जाळे असते. परिपत्रके, नमुने, रजेचे नियम, वरिष्ठांचे खुलासे हे सारे त्यात. फायली फिरवण्यासाठी ‘ई-ऑफिस’ ही व्यवस्था आहे. गोंधळ होतो तो आतले दप्तर आणि बाहेरचे पान यांचा मेळ नसल्यामुळे. आत नियम बदलतो, बाहेर जुनाच राहतो. नागरिक बाहेरचे पान छापून घेऊन खिडकीशी जातो. खिडकीतला कारकून आतले परिपत्रक पाहून म्हणतो, ‘हे आता चालत नाही.’ दोघेही सरकारचाच कागद दाखवत असतात आणि दोघेही चिडलेले असतात. मजकूर एकाच कोठारात असावा, तो एकदाच बदलावा, आणि आत-बाहेर एकदमच बदललेला दिसावा, हा नव्या यंत्रणेचा सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र त्यासाठी आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही दप्तरे एकाच हाताखाली यावी लागतात. तसे झाले नाही तर नव्या यंत्रणेवर जुनेच भांडण रंगेल.

एकत्रीकरणावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वाजवी आहे. सगळे एका दारात आणले आणि तेच दार बंद पडले, तर? शिवाय गडचिरोलीचे प्रश्न आणि मुंबईचे प्रश्न एका साच्यात कसे बसतील? याचे उत्तर असे, की दार एक असावे म्हणून खोली एकच असावी असे नाही. जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा एकच असे. आत चौक वेगळे, बिऱ्हाडे वेगळी, चुली वेगळ्या. कोणाचे बिऱ्हाड कोठे हे देवडीवरचा माणूस सांगे. साठवणीच्या प्रती तर एकाहून अधिक जागी हव्यातच. मंत्रालयाच्या आगीने तेवढे शिकवले आहे.

देवडीवर पाटी हवी

मग या आवराआवरीकडून आपण काय मागावे? मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक पानावर ते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम असावे आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली ते असावे. जुना पत्ता मोडू नये. मोडलाच तर तो नव्या जागी घेऊन जावा. वगळलेले पान अभिलेखागारात जावे, उकिरड्यावर नव्हे. एका मालमत्तेशी किंवा एका प्रकल्पाशी आठ कार्यालयांचा संबंध असेल तर त्या आठांची नावे आणि प्रत्येकाकडचा कागद एकाच पानावर दिसावा. लवासातल्या घरमालकाला यापेक्षा अधिक काही नको आहे. त्याला आठ कचेऱ्या बंद झालेल्या नको आहेत. कोणता कागद कोणाच्या टेबलावर आहे, एवढे एका ठिकाणी कळायला हवे आहे.

हे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. माहिती अधिकाराचे चौथे कलम आहेच. त्याखेरीज २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क कायदा केला. त्या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला, आणि ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर अशा अनेक सेवा एका जागी आल्या. म्हणजे वाट चुकलेली नाही. अर्धी चालून झाली आहे. तोवर घरच्या माणसांनी एक सावधगिरी बाळगावी. घराचे, जमिनीचे, नोकरीचे जे आदेश आणि उतारे संकेतस्थळावर दिसतात, त्यांची प्रत उतरवून घ्यावी, तिच्यावर तारीख घालावी, आणि ती कोठे ठेवली हे घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक असावे. सरकारी दप्तरावर भरवसा ठेवावा. पण इनाम कमिशनपुढे आपल्या पणजोबांना जे वाचवून गेले ते घरच्या पेटीतले कागदही होते, हे विसरू नये.

एकत्रीकरणाच्या कामात यंत्र विकत घेणे सर्वांत सोपे असते. निविदा काढली, पैसे भरले, यंत्र आले. अवघड असते ते प्रत्येक कागद हातात घेऊन ‘हा कोणाचा, कोणासाठी आणि कोठवर?’ असे विचारणे, आणि उत्तरापुढे एका माणसाचे पदनाम लिहिणे. ते ज्या कार्यालयात लिहिले जाईल तिथे साध्या यंत्रावरही नागरिकाचे काम होईल. जिथे लिहिले जाणार नाही, तिथे पाने कितीही देखणी झाली तरी माणूस शेवटी पौडच्या कचेरीच्या पायरीवरच बसलेला दिसेल.